डाव्या कोपऱ्यातला अंगठा

धाकटीने काच तोंडाजवळ धरली आणि तिच्यावर हळूच श्वास सोडला. वाफ सगळीकडे सारखी बसली, फक्त खालचा डावा कोपरा सोडून. तिथे अंगठा उमटला होता, आणि त्याच्या मधून एक तिरकी रेघ गेली होती.

तिने काच पुन्हा धुतली. साबणाचं पाणी, मग शुद्ध पाणी, शेवटी स्पिरिट. श्वास सोडला. अंगठा तिथेच. सीलबंद पाकिटातली नवी काच काढली, हातात दोन-दोन मोजे चढवले, तीही धुतली. त्या काचेवरही तोच अंगठा, तोच कोपरा.

काच श्वासाने तपासायची ही युक्ती थोरल्या बहिणीची. या प्रयोगशाळेत तिने नऊ वर्षं काचांवर लेप चढवले. वीज वाहून नेणाऱ्या प्लास्टिकचं शाईसारखं निळं द्रावण असे. गरगर फिरणाऱ्या चकतीवर काच ठेवून त्याचे दोन-चार थेंब सोडले, की आरपार दिसेल असा पातळ पापुद्रा बसे. अशा काचेची उजेड देणारी पट्टी बने; पापुद्र्यातूनच पट्टीला वीज मिळे आणि त्यातूनच उजेड बाहेर येई. मात्र जिथे मळ तिथे लेप धरत नसे, आणि तेवढा भाग अंधारा राही. मोजा घातला की मला काच कळत नाही, असं म्हणून थोरली डाव्या हातातला मोजा खुशाल काढून ठेवायची. लहानपणी पत्र्याने चिरलेला तिचा अंगठा धाकटीने डोळे मिटूनही ओळखला असता.

थोरलीला जाऊन सात महिने झाले होते. काचांचं हे पाकीट गेल्या आठवड्यात आलं होतं.

"माझ्यासोबत ये, काम शिक," असं थोरली हात धुऊन मागे लागायची, तेव्हा धाकटी म्हणायची, "तुझ्या काचा तुलाच लखलाभ." आता ती त्याच जागेवर होती, तात्पुरती, आणि मुदतीचा आज शेवटचा दिवस होता. एक तरी पट्टी पूर्ण उजळली नाही तर जागा जाणार होती. घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं.

प्रमुख बाई आल्या. त्यांनी सकाळी तयार झालेल्या पट्टीला तारा जोडल्या. हिरवट उजेड पसरला. कोपऱ्यात काळा अंगठा राहिला, रेघेसकट.

बाई पट्टीवर वाकल्या.

"किती ओरडले असेन मी तिला त्या मोज्यावरून. म्हणतात ना, जित्याची खोड..." पुढचे शब्द त्यांनी गिळले. मग म्हणाल्या, "स्पिरिट कुठलं घेतेस?"

धाकटीने बाटली पुढे केली. बाटलीवर थोरलीच्या अक्षरात चिठ्ठी होती : माझी आहे, हात लावल्यास बोटं मोडीन.

"ही रिकामी कधी केलीस?"

"नाही केली. संपत आली की वरून भरते."

"अगं वेडे! म्हणजे तिच्या हाताचा मळ अजून हिच्यात आहे."

"मळ असेल, बाई. पण तो अंगठ्यासारखा कसा बसेल?"

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "चार वाजता मला वर कळवायचंय. ओत ती बाटली."

धाकटीने बाटली मोरीत उपडी केली. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने स्पिरिटच्या वासावर ढकललं. नवी बाटली, नवी काच. वाफ कोपऱ्यापर्यंत सारखी बसली आणि सारखी उडाली. पावणेचारला पट्टी पूर्ण उजळली.

"गंगेत घोडं न्हालं एकदाचं," बाई म्हणाल्या. "सोमवारपासून तू कायम."

बाई गेल्यावर धाकटीने उरलेल्या अकरा काचा नव्या स्पिरिटने धुतल्या आणि एकेकीवर श्वास सोडला. सगळ्या स्वच्छ होत्या. आपणच तिला पुसलं, असं तिला वाटलं, आणि स्टुलावर बसून ती पोटभर रडली.

घरी आई खिडकीपाशी चष्मा पुसत बसली होती.

"कायम झाले मी, आई."

"बरं झालं गं. थोरलीला किती आनंद झाला असता!" आईने पदर डोळ्यांना लावला आणि चष्मा पुढे केला. "हे बघ जरा, मला चष्म्याशिवाय लांबचं दिसत नाही. दुपारपासून पुसतेय. डाव्या काचेवर कुणाचा तरी अंगठा पडलाय, मधून चीर गेल्यासारखा. जातच नाही मेला."

धाकटीने चष्मा घेतला. काच तोंडाजवळ नेली आणि श्वास सोडला.

"पुसू नकोस, आई."

"अगं, मग मला दिसायचं कसं?"

धाकटीने फडकं बाजूला ठेवलं आणि चष्मा तसाच आईच्या डोळ्यांवर चढवला.