खाऱ्या पाण्याची बाटली

शनिवारी सकाळी ठाण्याच्या गाडीची वाट बघताना मैनेनं तीनदा पिशवी चाचपली. रुमालात बांधलेले साठ रुपये होते. औषधाच्या जुन्या बाटलीत भरलेलं मिठागरातलं पाणीही होतं.

"ती बाटली कशाला गो?" नवऱ्यानं, जानूनं विचारलं.

"कलंल तुमाला दुकानात."

त्यांच्या तळवली गावासमोर, रस्त्याच्या पलीकडे, लोखंड ओतायचा नवा कारखाना सुरू झाला होता. तिथलं कँटीन बघणाऱ्या धर्मराजनी मैनेच्या म्हशीचं दूध चाखलं आणि विचारलं, रोज चाळीस पेले केळ्याचं दूध जमेल का? अट एकच, गुठळी नको. मैनेनं रवीनं घुसळून दोनदा नेलं. दोन्ही वेळा केळ्याचे तुकडे पेल्याच्या तळाशी बसले.

"सोमवारी शेवटचं बघतो," धर्मराज म्हणाले होते. "नाही जमलं तर ठाण्याचा एक जण तयारच आहे."

तेव्हापासून मैनेच्या डोक्यात चाळीस पेले रांगेनं उभे होते. दूध गवळ्याच्या गळ्यात पडत्या भावानं घालायचं, का आपल्या हातानं आपल्या नावावर विकायचं, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर ठाण्यातल्या नामदेवशेठच्या दुकानात होतं.

साठ रुपयांत बसणारी, फळं घुसळायची यंत्रं दोनच निघाली. एक विजेचं, कुणा साहेबाच्या घरून वापरून आलेलं, अठ्ठावन्नला. शेठनी बटण दाबलं. घर्रर्र आवाजानं फळीवरचे पेले थरथरले आणि जानू खुळ्यागत हसायला लागला. दुसरं साधंच. काचेची बरणी, झाकणावर दोन दातेरी चाकं, बाजूला फिरवायची मूठ. किंमत बेचाळीस.

"ह्योच घेऊ!" जानूनं विजेच्या यंत्रावर हात ठेवला. "घरात लाईट आली हाय, ती काय नुस्ती बघाला?"

मैनेनं बाटली काढली. "शेठ, दोनीच्या पात्यांवर ह्याचा थेंब टाकते. दोन घंट्यांनी येते बघाला."

"काय आहे ते?"

"मिठागराचं पानी, मीठ धरायच्या बेताला आलेलं."

"बाई, यात फळं घालायची. बोंबील खारवायचे नाहीत."

"आमच्या गावात खिला वरीसभर टिकत नाय, शेठ. हवाच खाते त्याला. उद्या दूदात गंज उतरला तं चालीस मानसांना मी काय सांगू?"

"आणि गंज नाही चढला तर?"

"तं घासाघीस नाय. सांगाल तो भाव."

वीस वर्षांत असं बोलणारं गिऱ्हाईक शेठनी पाहिलं नव्हतं. त्यांनी दोन्ही पाती खोलून पुढ्यात ठेवली.

तलावाच्या काठावर जानूनं शेंगदाणे खाल्ले. दोन तास व्हायच्या आधीच मैना उठली आणि इतकी भराभर चालली, की जानूला पुडी हातात घेऊन मागं पळावं लागलं.

विजेच्या यंत्राच्या पात्याला, जिथं मुलामा झिजला होता तिथं, तिळाएवढा तांबूस ठिपका पडला होता. हाताच्या यंत्राच्या पात्यावर नुसतं मीठ सुकलेलं. मैनेनं ते बोटानं पुसलं. खालचं पातं लखलखीत. तिनं भर दुकानात टाळी वाजवली.

"पन चालीस पेलं हातानं कोन फिरवनार?" जानू कुरकुरला.

"जो दिसभर उन्हात मीठ ओढतो तो."

शेठ मोठ्यानं हसले आणि जानूचा निकाल लागला.

रविवारी दुपारी शेजारच्या बायजानं पहिला पेला तोंडाला लावला. "बाय माझे! ह्यात केलं हाय कुठं?" तिनं पेल्याच्या तळाशी केळ्याचा तुकडा शोधत विचारलं, आणि मैना अंगणात अक्षरशः नाचली.

सोमवारी सकाळी धर्मराजनी पेला उजेडात धरला. एकही गुठळी नव्हती. त्यांनी घोट घेतला आणि थांबले.

"यात मीठ आहे."

मैनेनं वळून जानूकडे बघितलं. जानू कारखान्याच्या धुराड्याकडे बघत होता. तिला सगळं उमगलं. तळवलीत नवं फावडं येवो की बादली, ते रातभर खाऱ्या पाण्यात ठेवल्याशिवाय घरचं होत नाही. काल रात्री जानूनं बरणी झाकणासकट तशीच भिजत ठेवली होती. सकाळी त्यानं बरणी धुतली, पण चाकांच्या दात्यांत पाणी राहिलं आणि मूठ फिरवताना थेंबथेंब दुधात उतरलं.

"दुसरं करून आनते," मैना म्हणाली. तिनं पेल्यासाठी हात पुढे केला.

"थांबा." धर्मराजनी आणखी एक घोट घेतला आणि भट्टीवरच्या मुकादमाला हाक मारली. "पंढरी, हे घेऊन बघ."

घामानं निथळत आलेल्या पंढरीनं पेला एका दमात संपवला आणि पुन्हा पुढे केला. "आनखी हाय?"

धर्मराज मैनेकडे वळले. "भट्टीसमोर घामातून मीठ जातं. आम्ही यांना मिठाच्या गोळ्या देतो, हे त्या भिंतीपलीकडे फेकतात. उद्यापासून चाळीस पेले. त्यातले बारा भट्टीवाल्यांचे, ते असेच."

फाटकाबाहेर येईपर्यंत जानूची छाती फुगली होती. "बघ, मी बरनी भिजवली म्हनून..."

"आजपासून भिजवू नका," मैना म्हणाली. हसू तिच्या ओठांत मावत नव्हतं. "बारा पेल्यांत चिमूट मी मोजून टाकीन. तुमी मूठ फिरवा. आनि आदी चला, केली आनायची हायत."