फिरतो आहे, पण सुरू होत नाही

मित्रांनो, मी एक जुना जनरेटर आहे. डिझेल पितो, धूर सोडतो आणि चार घरांपलीकडे ऐकू जाईल एवढा आवाज करतो. माझा हिरवा रंग आता फक्त कानाकोपऱ्यांत उरला आहे. माझी गोष्ट फार आनंदाची नाही आणि ती सांगताना माझा गळाही दाटून येणार नाही. मी लोखंडाचा आहे. जे झाले ते झाले तसे सांगतो.

एका मोठ्या कारखान्यात माझे भाग ओतले गेले, घासले गेले आणि बोल्टांनी आवळले गेले. मला पहिल्यांदा सुरू केले तेव्हा तिथल्या तपासनिसाने माझ्या अंगावर हात ठेवला, "चांगला आहे" म्हणाला आणि पुढच्याकडे वळला. त्यानंतर कितीतरी वर्षे मी बांधकामांवर राबलो. तिथे मला कोणी पुसले नाही की वेळेवर तेल बदलले नाही. बंद पडलो की लाथ बसायची. कधीकधी लाथेनंतर मी योगायोगाने सुरूही व्हायचो, त्यामुळे लाथ मारणाऱ्याला आपण मोठे कारागीर आहोत असे वाटायचे. शेवटी मला भंगाराच्या आवारात नेऊन टाकले. तिथून मालकांनी मला उचलून आणले.

मालकांची हॅचरी होती. हॅचरी म्हणजे अंडी उबवून कोंबडीची पिल्ले काढायची जागा. राहत्या घरामागे दोन खोल्या होत्या. एकीत अंड्यांची उबदार कपाटे आणि दुसरीत मी. वीज गेली की कपाटे गार पडतात, आणि ती गार पडली की पिल्ले अंड्यातल्या अंड्यात मरतात. म्हणून माझी गरज. मी धडधडायला लागलो की मालकीणबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "लागला हो तुमचा थोरला ओरडायला!" मालक हसायचे. त्यांना मूलबाळ नव्हते, तेव्हा थोरला काय आणि धाकटा काय, मीच होतो.

पिल्ले बाहेर पडली की त्यांच्या अंगावरची बारीक लव सगळीकडे उडते. ती माझ्या पोटात जाऊ नये म्हणून मालकांनी माझा हवा घ्यायचा पाइप भिंतीतून थेट मागच्या अंगणात काढला होता. शिवाय हॅचरीवाल्यांना धुण्याचे भारी वेड. पिल्लांच्या पेट्या रवाना झाल्या की दोघे मिळून कपाटे, फरशा, भिंती, अंगण, सगळे धुऊन काढायचे. फवारा पाइपात शिरू नये म्हणून मालक त्याच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधायचे आणि मालकीणबाई नळी धरायच्या. धुऊन झाले की त्या ताटे वाढायला आत जायच्या. मालक मागच्या अंगणात एक चक्कर मारून मग जेवायला यायचे.

मग मालक गेले. सकाळी चहा पिता पिता छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या दारातच सगळे संपले. थोड्याच दिवसांपूर्वी त्यांनी कपाटांत नवी अंडी मांडली होती. एकेक अंडे हातात घेऊन, निरखून, निमुळते टोक खाली करून.

मालकीणबाई रडल्या नाहीत. त्यांनी कपाटांचे तापमान पाहिले, अंडी फिरवली, स्वयंपाक केला, भांडी घासली. कोणी हाक मारली की "हो" म्हणायच्या. सोबतीला मालकांची धाकटी बहीण, म्हणजे त्यांची नणंद, येऊन राहिली. ही मोठी बोलकी बाई. पण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तिने दारातच बजावले होते, "वहिनीसमोर दादाचं नावसुद्धा काढू नका." सगळ्यांनी ते पाळले. हवापाण्याच्या गप्पा झाल्या, गुडघेदुखीच्या झाल्या. जो गेला त्याच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. वहिनी किती खंबीर, असेही दोघेतिघे म्हणाले.

एका सकाळी मालकीणबाईंनी नळी काढली आणि धुवायला सुरुवात केली. कपाटांत अंडी होती, पिल्ले निघायला वेळ होता, धुण्याचे काही कारण नव्हते. तरी त्यांनी माझी खोली धुतली, मागची भिंत धुतली, अंगण धुतले. त्याआधी नवऱ्याला करताना पाहिले होते तशी पाइपाच्या तोंडावर पिशवी बांधली. धुऊन झाल्यावर नळी गुंडाळली आणि ताटे वाढायला आत गेल्या. पिशवी तशीच राहिली.

पिल्ले निघायची वेळ अगदी जवळ आली आणि भर दुपारी वीज गेली. कुठेतरी खांब कोसळला होता. "आज काही येत नाही," असे वीज कंपनीच्या माणसाने फोनवर सांगून टाकले. मालकीणबाईंनी किल्ली फिरवली. सेल्फने, म्हणजे मला सुरू करणाऱ्या छोट्या मोटरने, मला गरगर फिरवले. मी फिरलो, पण पेटलो नाही.

मित्रांनो, माझे पोट साधे आहे. मी हवा आत ओढतो, ती दाबून दाबून तापवतो आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल उडाले की भडका होतो. हवाच नाही तर डिझेल पेटणार कशात? मी ओढत होतो आणि पाइपाच्या दुसऱ्या टोकाला पिशवी आत खेचली जाऊन चिकटून बसत होती. मला ते कळत होते. सांगता येत नव्हते.

नणंदेच्या तोंडचे पाणी पळाले. तिने घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या रजया आणून कपाटांवर टाकल्या आणि फिटरला बोलावले. हा शहाणा, कामात तरबेज माणूस होता. आल्या आल्या त्याने बॅटरीच्या तारा घट्ट केल्या, टाकी पाहिली, डिझेलचा फिल्टर पाहिला. मग डिझेल उडवणाऱ्या नोझलचा नट सैल करून म्हणाला, "ताई, मारा सेल्फ."

नणंदेने किल्ली फिरवली. डिझेल उडून त्याच्या मनगटावर आले.

"डिझेल तर येतंय की!" फिटर म्हणाला. "मग याला झालंय काय?"

त्याने नट आवळला, पुन्हा दोनदा किल्ली फिरवायला लावली, कान लावून ऐकले आणि हात टेकले. "दाबच धरत नाही. पिस्टनच्या रिंगा गेल्या असणार. हा खोलावा लागेल, ताई. उद्यापर्यंत देतो करून."

"उद्या? उद्यापर्यंत काय, अंड्यांचं आम्लेट करत बसू?"

"माझ्यावर कशाला चिडता? आणि आता सेल्फही जपून मारा. बॅटरी उतरत आलीय."

मालकीणबाई या सगळ्यात नव्हत्या. त्या मागच्या अंगणात उभ्या होत्या. किल्ली फिरली की पिशवी त्यांच्या डोळ्यांसमोर आत ओढली जायची, किल्ली सोडली की सैल पडायची. त्या तिच्याकडेच बघत होत्या. डोळे उघडे होते, पण त्यांना काही दिसत नव्हते. सांगायला बरे वाटत नाही, पण त्या वेळी आम्हा दोघांत मला फारसा फरक वाटला नाही.

नणंद तणतणत बाहेर आली.

"वहिनी, अगं आत अंडी गार पडतायत! दादानं शेवटची मांडलेली अंडी आहेत ती! काहीतरी बोल ना. दादा असता तर काय केलं असतं त्यानं?"

बोलून गेल्यावर तिने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

"हे?" मालकीणबाई म्हणाल्या. कितीतरी दिवसांत त्यांच्या तोंडून हा शब्द निघाला नव्हता. "हे असते तर जेवायला उशीर केला असता, वन्सं. दरवेळी तेच. धुणं झालं, मी ताटं वाढली, हाका मारतेय, आणि हे आपले मागं. मी म्हणायचे, हात धुवायला एवढा वेळ लागतो होय माणसाला?"

"मग?"

"मग आत येऊन पुन्हा हात धुवायचे." त्या थांबल्या. "पुन्हा कशाला धुवायचे, वन्सं? आणि मागं जाऊन करायचे तरी काय?"

त्यांची नजर पिशवीवर होती. आता ती त्यांना दिसली. त्या धावल्या. ओली होऊन आवळलेली गाठ सुटेना, तेव्हा त्यांनी नखांनी पिशवीच टराटरा फाडली आणि एवढ्या जोरात ओरडल्या की आत फिटरच्या हातातला पाना खाली पडला.

"मारा सेल्फ!"

फिटरने किल्ली फिरवली. बॅटरीत जेमतेम जीव होता. मी अर्धा वळसा घेतला, अडखळलो, खोकलो, पांढऱ्या धुराचा लोट सोडला. मग छातीभर हवा मिळाली आणि मी धडधडलो. कपाटांचे दिवे लागले. फिटरचा जीव भांड्यात पडला. "रिंगा चांगल्या आहेत याच्या," असे मघाचे बोलणे विसरून तो स्वतःशीच म्हणाला.

मालकीणबाई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि रडायला लागल्या. मोठ्याने रडल्या. माझ्या आवाजात ते कोणाला ऐकू गेले नाही. नणंद त्यांच्याजवळ बसली आणि आपणच घातलेली बंदी मोडून दादाबद्दल बोलायला लागली. लहानपणी तो किती हट्टी होता, कोंबडीला किती घाबरायचा. मी एवढा गोंगाट करत होतो, की तिला सगळे ओरडून सांगावे लागले आणि मालकीणबाईंना ओरडूनच म्हणावे लागले, "काय? मला कधी बोलले नाहीत!" वीज परत येईपर्यंत त्या दोघी तिथेच होत्या.

काही अंडी फुटलीच नाहीत. ती बाजूला काढावी लागली. पण बरीच फुटली. ओली पिल्ले कपाटात धडपडत उभी राहिली आणि मालकीणबाईंनी ती एकेक उचलून पेटीत ठेवली. प्रत्येक पिल्लू ठेवताना त्या आपल्याशी म्हणत होत्या, "यांचं आहे हे. हेही यांचंच."

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्याने शेवटी सांगायचे ते मीही सांगतो. यंत्राचे तेल वेळेवर बदला, लाथा मारू नका. पण एवढ्यावर माझे समाधान होत नाही. त्या घरात सगळ्यांना वाटत होते, की वहिनी काम करते आहे, जेवते आहे, हाकेला ओ देते आहे, म्हणजे तिचे ठीक चालले आहे. मीही त्या दुपारी फिरत होतोच की. तुमच्या घरात कोणी असे नुसते फिरताना दिसले, तर त्याच्यासमोर गेलेल्या माणसाचे नाव टाळू नका. जवळ बसा आणि त्याच माणसाबद्दल विचारा. उत्तर लवकर येणार नाही. तरी उठू नका.