फेझहून बेटेगावला आलेली बैठक

मित्रांनो, मी चामड्याची एक गोल बैठक आहे. माझी उंची चौदा इंच, रुंदी वीस इंच आणि वय नऊ वर्षे. बोईसरजवळच्या बेटेगावात, दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात मी राहते. माझा जन्म मात्र मोरोक्को देशातल्या फेझ शहरात झाला. मला पाठ नाही, पाय नाहीत. तरीही एक माणूस हे घर सोडून निघाले होते, त्या दिवशी जे झाले त्यात माझा वाटा आहे.

आधी मी बकऱ्याचे कातडे होते. फेझमध्ये कातडी कमावण्याची दगडी कुंडे आहेत. माणसे मांडीपर्यंत आत उतरून काम करतात. मला चुन्याच्या पाण्यात ठेवले, मग कबुतरांच्या विष्ठेत भिजवले. नाक मुरडू नका, त्यानेच माझे अंग मऊ झाले. पुढे रंग चढला, ऊन मिळाले. मग इद्रिस नावाच्या वृद्ध कारागिरांनी माझ्या सोळा पाकळ्या कापल्या, दोन गुडघ्यांत धरून मला हाताने शिवले आणि माथ्यावर रेशमी दोऱ्याने चांदणी भरली. शेवटच्या टाक्यापर्यंत त्यांनी घाई केली नाही. नऊ वर्षांत माझी एकही शिवण उसवलेली नाही. त्यांच्याविषयी याहून जास्त सांगायची गरज नाही.

तारापूरच्या एका कारखान्यातले फिटर शिवाजीराव यंत्रे बसवायला सहा महिने तिकडे आले होते. त्यांच्या पत्नी प्रियदर्शिनीताई फोनवर मोरोक्कोतल्या घरांची चित्रे पाहत. नव्या घराची बैठकीची खोली तशीच सजवायची, हे त्यांनी ठरवले होते. म्हणून शिवाजीरावांनी एक जाळीदार पितळी कंदील, लोकरीचा गालिचा, निळ्या नक्षीच्या ताटल्या आणि मला विकत घेतले.

आमच्याकडे बैठका रिकाम्या विकतात. घरी नेऊन ज्याने त्याने भरायच्या. शिवाजीरावांना हे ठाऊक नव्हते. बेटेगावात बॅग उघडली तेव्हा मी घडी घातलेल्या पिशवीसारखी बाहेर आले.

"दुकानात तर फुगलेली होती!" ते म्हणाले.

त्यांच्या आई गोजराबाई साताऱ्याकडच्या. त्यांनी मला उलटेपालटे करून पाहिले. "शिवाजी, मोट हाय का रं ही? एवढ्या लांबनं मोट आणलीस, आन् हिर कुठं हाय बोईसरात?"

"विहिरीतून पाणी ओढायची मोट नाही ही, आई. बसायची वस्तू आहे."

"बस की मग. दाव बसून."

शिवाजीराव बसले आणि थेट फरशीला टेकले. घरभर हसू पसरले.

खोली मात्र देखणी सजली. कंदील लावला की भिंतींवर प्रकाशाची जाळी उमटे. गालिचा विणणाऱ्या बाईने एका कोपऱ्यात रंग बदलला होता, तो शेजारच्या हेमालीताईंना सगळ्यात जास्त आवडे. ताटल्यांतल्या कोणत्याही दोन सारख्या नव्हत्या. माझ्या पोटात शिवाजीरावांनी थर्माकोलचे तुकडे भरले. मी फुगलेली दिसे, पण कोणी टेकले की करकर वाजे आणि एका बाजूला कलंडे. "बसायचं नाही हं, शोभेची आहे," असे प्रियदर्शिनीताई पाहुण्यांना सांगू लागल्या. बसण्यासाठी घडलेल्या वस्तूला ते कसे वाटले असेल, तुम्हीच विचार करा.

इथली हवा समुद्राची, दमट. तिसऱ्या पावसाळ्यात माझ्या अंगावर पांढरी बुरशी धरली. मला गॅलरीत बादलीशेजारी ठेवले गेले आणि सगळे मला विसरले.

त्याच वर्षी गोजराबाईंचे गुडघे गेले. जमिनीवर बसायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. भाजी निवडणे, तांदूळ पाखडणे, शेंगा सोलणे ही त्यांची कामे होती आणि ती सगळी जमिनीवरची. खुर्चीवरून परात गाठता येईना, वाकले की कंबर धरे. महिनाभर त्या खिडकीशी बसून राहिल्या. एका शुक्रवारी म्हणाल्या, "सोमवारी मला गाडीत बसवून दे. धाकट्याकडं जाते."

"का गं आई? इथं काय कमी आहे?"

"कमी काय न्हाय. काम न्हाय. नुसतं भिताडाकडं बघून दिस जात न्हाय, बाबा."

धाकटा भाऊ आणि त्याची बायको दोघेही दिवसभर कामावर असत. तिथे आई एकट्या पडतील, पडल्या-झडल्या तर कळणारही नाही, हे शिवाजीरावांना दिसत होते. प्रियदर्शिनीताईंनी स्वयंपाकघरात जाऊन नळ जोरात सोडला.

रविवारी मासवण गावच्या जिवलीबाई कंटोळी ही पावसाळी रानभाजी विकायला आल्या. गोजराबाईंची बांधलेली पिशवी त्यांनी पाहिली, कारण ऐकले. मग गॅलरीत त्यांची नजर माझ्यावर गेली.

"आजी, ही टाकलीय कशाला? पोट नीट भरलं नाय हिचं, म्हणून बसत नाय."

"थर्माकोल भरलाय की," प्रियदर्शिनीताई म्हणाल्या.

"ताय, त्यानं टीव्हीचा खोका भरतात!" जिवलीबाईंनी डोक्यावरची कापडाची गोल चुंबळ काढून पुढे धरली. "ह्याच्यावर वीस किलोची टोपली बसते. मग आजी नाय बसणार?"

त्यांनी माझे पोट रिकामे केले, कोरड्या फडक्याने बुरशी पुसली. जुन्या चादरी आणि शिवाजीरावांचे कारखान्यातले जुने कपडे पिळून त्यांनी चुंबळीवर चुंबळ रचली आणि मधल्या पोकळीत चिंध्या ठासल्या. तरी वरचा एक थर कमी पडला. प्रियदर्शिनीताईंनी कपाट उघडले. गालिच्याला शोभतील असे नवे पडदे त्यांनी आणून ठेवले होते. घडी मोडून त्यांनी ते जिवलीबाईंच्या हातात दिले.

"अगं, कोरं हाय ते!" गोजराबाई ओरडल्या.

"असू द्या आई. बसा आधी."

गोजराबाई भिंतीला धरून सावकाश बसल्या. मी कलले नाही, वाजले नाही. जन्मल्यापासून पहिल्यांदा मी माणसाचे वजन पुरते पेलले. त्यांनी पाय पसरले, परात ओढून पाहिली. हात पोचला. जिवलीबाईंच्या टोपलीतले कंटोळे उचलून त्यांनी सुरी मागितली.

"गुडघा?" शिवाजीरावांनी विचारले.

"गप बस. भाजी चिरू दे. किती किलो घेतलीस गं सूनबाई?"

सोमवारची गाडी गोजराबाईंना न घेताच गेली. पिशवी सोडली कधी, ते कुणी विचारले नाही.

मित्रांनो, दूरदेशीच्या कारागिरांनी हाताने केलेली वस्तू घरात आणली, तर ती कशासाठी घडली हे आधी विचारा. मला कडक उन्हात ठेवू नका, ओल्या फडक्याने पुसू नका, पावसाळ्यात वारा लागू द्या. आणि माझ्यावर बसा. आमच्या घरी आलात तर मात्र जरा थांबावे लागेल. आत्ता गोजराबाई वाल सोलत आहेत.