रेडिओला वाचा फुटली

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्लीतले सगळे तिला सिस्टरच म्हणत. उभी हयात तिने इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात काढली होती. तिथल्या यंत्रांची टिंगटिंग ऐकून कान इतके किटलेले, की नवऱ्याने हौसेने हॅम रेडिओचा वायरलेस सेट घरी आणला तेव्हा तिने एकच अट घातली. "खुशाल बोला जगभर. पण हे डबडं पीं करायला लागलं, तर ते तरी घरात राहील नाहीतर मी!"

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, स्वभावाने गरीब. त्याने निमूटपणे सेटचे सगळे इशारे बंद करून टाकले. पुढे सेट बदलले, केस पिकले, पण पीं काही वाजलं नाही.

मग काचबिंदूने डाव साधला. आधी एक डोळा गेला, मग दुसराही. उजेड-अंधार तेवढा कळायचा. माणूस तसा जिद्दीचा. जिने, नळ, कपाटं सगळं त्याने हाताच्या सवयीने बसवून घेतलं. अडलं ते सेटपाशी. त्यावर बोलणं ऐकायच्या दोन तऱ्हा, म्हणजे मोड. लहरींच्या खालच्या पट्ट्यांवर एलएसबी, वरच्या पट्ट्यांवर यूएसबी. त्यात चूक झाली, की भला माणूससुद्धा बदकासारखा ऐकू येतो. मोडचं बटण गोल गोल फिरत राहायचं, आणि आपण कुठे आहोत ते पडद्यावर दिसायचं. पडदा पाहणार कोण?

"अगं, बघ जरा, काय लिहिलंय?"

ती हातातलं काम टाकून यायची, वाचून सांगायची. पाच मिनिटांनी पुन्हा हाक. तिला त्याचं काही वाटत नव्हतं, पण त्याला वाटत होतं. हाक मारण्याआधी तो जरा थांबायचा, ते तिला कळायचं.

एका संध्याकाळी ती शेजारी गेली होती. परत आली तर सेट टॉवेलने झाकलेला.

"काय झालं हो?"

"काही नाही. कंटाळा आला आता."

कंटाळा म्हणजे काय, हे तिने पुष्कळ खाटांपाशी बसून पाहिलं होतं.

मध्यंतरी शेजारीणबाईंचं ऑपरेशन झालं. सिस्टर इस्पितळात त्यांच्यापाशी बसायला गेली. खुर्चीत डोळे मिटून बसली, आणि बसल्याबसल्या लक्षात आलं की नुसत्या यंत्रांच्या आवाजावरून आपल्याला सगळं कळतंय. कोपऱ्यातल्या खाटेचं सलाइन संपत आलंय, पलीकडच्याची नाडी जलद चाललीय. तिने डोळे उघडले नाहीत. नुसती ऐकत राहिली, आणि एकदम स्वतःचाच राग आला. इतके दिवस हे सुचलं कसं नाही?

दुसऱ्या दिवशी नवरा शेजाऱ्यांचा हात धरून केस कापायला गेल्याबरोबर तिने टॉवेल काढला, सेटचं माहितीपुस्तक शोधलं, भिंग घेतलं आणि पदर खोचला. मेनू म्हणजे भूलभुलैया. एकीकडे गेलं की भलतंच दिसायचं. एकदा तर सेट पूर्ण मुका झाला. पण शेवटी इशाऱ्याचा आवाज सापडला. त्याखाली 'ऑटो मोड'. पट्टी बदलली की सेट आपणहून मोड बदलणार. आणि त्यापुढे, बदललेल्या मोडचं पहिलं अक्षर मोर्समध्ये, म्हणजे तारेच्या टिक-टाँ भाषेत, वाजवून सांगणार. सगळं बंद होतं. तिने चालू केलं.

तेवढ्यात दारात काठी वाजली.

"सेटला कोण हात लावतंय?"

"मीच."

"राहू दे गं. विकून टाकू तो."

"आधी ऐका तरी."

तिने मोठी चकती फिरवली. खालच्या पट्टीवरून वर, दहा मेगाहर्ट्झ ओलांडून. सेट म्हणाला: टिक टिक टाँ.

काठी जागच्या जागी थांबली.

तिने चकती उलटी फिरवली. टिक टाँ टिक टिक.

"एल," तो हळूच म्हणाला. "अगं, हा एल म्हणतोय. मघाशी यू होता. पुन्हा कर."

तिने पुन्हा केलं. मग त्याने केलं. मग लहान मुलाच्या हाती शिट्टी पडावी तसं किती वेळ चाललं ते विचारू नका. ऑटो मोड त्याला ठाऊक नव्हता असं नाही. पण 'मला कळत नाही का, यंत्राने कशाला शिकवायचं?' म्हणून त्याने तो कधी लावलाच नव्हता. तसं त्याने हसत हसत कबूलही केलं.

"पण आवाज? तुला तर चालत नाही."

"वॉर्डात दिवसभर सहन केलं ते परक्यांसाठी. हा तर आपला पेशंट."

संध्याकाळी रेडिओवरची त्याची मंडळी हजेरीला जमायची वेळ झाली. त्याने चकती फिरवत एलची खूण ऐकली आणि कानाने आवाज शोधत गेला. मधेच एक ओळखीचा, खरखरीत आवाज स्वच्छ ऐकू आला. तो एक निवृत्त शिंपी होता, दूरच्या गावचा. त्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

त्याने घसा साफ केला, मायक्रोफोन उचलला, हवेतली आपली ओळखखूण, म्हणजे कॉलसाइन, सांगितली.

मग शिंपी म्हणाला, "लिफ्टवाले दादा? अहो, आहात कुठे? तुमची पाळी आली की आम्ही रोज थोडं थांबायचो. म्हटलं, बोलतील. मग पुढे जायचो."

सिस्टरने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"डोळ्यांनी दगा दिला," तो म्हणाला. "आज बायकोने सेटला बोलायला शिकवलं. ही इथेच बसलीय."

"मग वहिनींना द्या की!"

"मी? छे!" ती उठायला लागली.

"बोल गं. मी आहे ना शेजारी. हे बटण दाबायचं नि बोलायचं."

तिने मायक्रोफोन दोन्ही हातांत धरला आणि बटण घट्ट दाबलं. "नमस्कार," ती म्हणाली. "हे बरे आहेत. जेवतात नीट. आता रोज येतील. तुम्ही सगळे बरे आहात ना?"

आणि उत्तराची वाट पाहत बसली. काहीच येईना. तिचा चेहरा पडला.

"बोलत नाहीत हो कुणी."

"ऐकायला सोडायचं ते," म्हणून त्याने चाचपडत तिचा हात शोधला आणि बटणावर रुतलेला तिचा अंगठा अलगद उचलला. एकदम सगळे आवाज खोलीत शिरले. तिची विचारपूस करणारे, एकमेकांच्या बोलण्यात बोलणारे.