सरळ ओळ

सातवी कांब युफेमियाने दोन्ही हातांनी गदागदा हलवली, पाय रोवून उपसली, पाऊलभर वर नेली आणि ताणलेल्या नायलॉनच्या दोरीला चिकटवून दगडाने ठोकली. खाली उरलेलं भोक टाचेने माती ढकलून बुजवलं. मग उताराच्या कडेला जाऊन, सिमेंटच्या खांबामागे वाकून तिने एक डोळा मिटला.

अकरा कांबी, अकराही जणींची डोकी तांबड्या रंगात बुडवलेली. दोन टोकांना पक्क्या जमिनीत दोन खांब आणि मधल्या कचऱ्याच्या उतारावर या अकरा, एकीमागे दुसरी लपेल अशा उभ्या.

“बघू दे आता त्याला,” ती पुटपुटली. दोरी सोडून तिने कमरेला खोचली. 

‘तो’ म्हणजे इंजिनिअर लाक्सामाना, प्रांताच्या पर्यावरण कचेरीचा माणूस. लूनासान गावाच्या या कचऱ्याच्या डोंगराला पक्का परवाना द्यायचा की कुलूप घालायचं, ते त्याच्या वहीवर ठरणार होतं. या कांबी त्यानेच सहा गुरुवारांपूर्वी रोवल्या होत्या आणि हात झटकत, मावशी म्हणावं तसं मानाने ‘आलिंग’ लावून म्हणाला होता, “आलिंग युफेमिया, ही ओळ सरळ राहायला हवी. वाकडी झाली की मी गेट बंद करणार. लक्ष ठेवा.”

“ठेवते सर,” ती म्हणाली होती, आणि तिने ठेवलं. वीस वर्षं तिने याच डोंगरावर भंगार वेचलं होतं. दोन वर्षांपूर्वी नगरपालिकेने तिच्या अंगावर पिवळं जाकीट चढवलं, गळ्यात शिट्टी अडकवली आणि तिला राखणदार केलं. चोराला कोतवाली दिली म्हणून लोक हसले. पण अशी कोतवाली फार चोख होते, हे नगरपालिकेला ठाऊक होतं.

पहिल्या आठवड्यात मधल्या कांबी बोटभर खाली सरकलेल्या दिसल्या. तिने बुलडोझरवाल्याला शिव्या घातल्या. दुसऱ्या आठवड्यात चार बोटं. तेव्हा डुकरांना धोंडे मारले. तिसऱ्यात वीतभर, चौथ्यात दीड वीत. पाचव्या आठवड्यात सातवी कांब हातभर सरकली, तेव्हा तिने दोन दिवस खोपटात बसून पहारा दिला. लोखंड दिसलं की इथे भल्याभल्यांचे हात शिवशिवतात. पण कोणी फिरकलं नाही.

आज सकाळी ती दीड हात खाली होती. दीड हात! हे डुकराचं काम नव्हे, याला हत्ती हवा. पण हत्तीचा शोध घ्यायला वेळ नव्हता. गाडी यायला अर्धा तास उरला होता. तिने शिट्टी तोंडात धरली आणि तीनदा तोडून वाजवली.

डोंगराच्या अंगावर विखुरलेली माणसं दोन वाटांनी पांगली. गळ्यात नगरपालिकेचं कार्ड असलेले साठ जण माथ्यावर ट्रकांकडे निघाले. बाकीचे, बिनकार्डाचे, साहेबाला दिसले तर हाकलले जाणारे, टोपल्या-आकडे घेऊन खाली पायथ्याला, ताडपत्रीच्या वखारीत शिरू लागले. वखारीभोवती तारेचं कुंपण होतं आणि कुंपणावर पाटी: प्रवेश बंद. जागा युफेमियानेच शोधली होती. जिथे जायला बंदी आहे, तिथे साहेब कशाला जाईल?

दाराशी उभी राहून ती डोकी मोजत होती. सगळ्यांत शेवटी तिची थोरली बहीण चायोंग आली, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून.

“तान्हेपणी बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर माझ्या खऱ्या नावातल्या ‘ता’चा ‘तो’ करून ‘चारितो’ लिहिलं, म्हणून साठीत मी कोंबडीसारखी खुराड्यात,” चायोंग म्हणाली. “पाद्र्याने एक अक्षर चुकवलं आणि कार्डावाल्यांनी मलाच पुरुष ठरवून कार्ड नाकारलं.”

“आत हो गं. एक्केचाळिसावी.”

“आणि तू बाहेर, जाकीट घालून. मिरव.”

“गाडी दिसते आहे तोवर कुणी बाहेर यायचं नाही,” युफेमिया आतल्या अंधाराला उद्देशून म्हणाली. “मी नाव घेऊन हाक मारली तरीही नाही.”

“माहितीये, माहितीये,” आतून लोलो बेर्तोचा घोगरा आवाज आला. वखारीत सगळ्यांत म्हातारा तोच, म्हणून सगळ्यांचा लोलो, आजोबा. “मागच्या साहेबाने तुझ्याच तोंडून हाक मारवली आणि आम्ही वेड्यासारखे बाहेर आलो. एकदा फसलो, दुसऱ्यांदा नाही. त्याने दार ढकललंच, तर मागची ताडपत्री उचलायची आणि सगळ्यांनी वर उतारावर पळायचं. तूच शिकवलंस. जा आता, मला झोपू दे.”

गाडी आली. इंजिनिअर लाक्सामाना आज खुशीत होता. चाळिशीचा, पोट सुटलेला, बुटांना चिखल लागला की हळहळणारा माणूस. पण खांबामागे वाकून डोळा मिटला, की त्याचा चेहरा देवळात गेल्यासारखा व्हायचा. युफेमिया त्या चेहऱ्याकडे श्वास धरून पाहत राहिली. सहाही गुरुवारी तिने असाच श्वास धरला होता.

“शून्य,” तो म्हणाला आणि वहीत लिहिलं. “आलिंग, हा प्रांतातला सगळ्यात शहाणा डोंगर आहे. एवढा पाऊस झाला, पण गडी तसूभर हलला नाही.”

तिचा श्वास सुटला. गेटजवळच्या बाकावर तिने त्याच्यासमोर कॉफी ठेवली, केळीच्या पानावर पुतो, तांदळाचे वाफवलेले गोड गोळे, ठेवले. त्याने एक पुतो अख्खाच तोंडात टाकला.

“पुढच्या आठवड्यात परवान्याची शिफारस करतो,” तो चावत म्हणाला. “खरं सांगू? मी घाबरलो होतो. मागच्या नेमणुकीत एका गावात असाच उतार होता. माथ्यावर भेग पडली असणार, पण रोज संध्याकाळी बुलडोझर माती पसरतो. नियमच आहे. भेग दिसणार कशी? पण तिथल्या कांबी तीन आठवडे बोंबलत होत्या.”

“कांबी?”

“मग काय, शोभेला लावल्यात? डोंगराला जीभ नसते, आलिंग. आतून तो सरकायला लागला, की कांबींना घेऊन सरकतो. ओळ वाकडी झाली की समजायचं, हा चालला. तिथे कोणी ओळीकडे बघितलंच नाही. एका दुपारी अख्खा उतार पायथ्यावर आला.”

युफेमियाच्या हातात कॉफीची किटली होती. ती तिने खाली ठेवली. 

“किती सरकलं म्हणजे वाईट, सर?”

“आठवड्याला चार बोटं सरकलं तर मला झोप लागणार नाही.”

“आणि हातभर?”

तो हसला. “हातभर सरकलं तर मला विचारायला थांबू नका. पळा.”

तीही हसली. दुसऱ्याने हसल्यावर हसायची वीस वर्षांची सवय. मग तिची बोटं जाकिटाच्या आत, त्याला दिसणार नाहीत अशी, एकेक करून मिटू लागली. बोट. चार बोटं. वीत. दीड वीत. हात. इथे आकडे संपले असते तरी चाललं असतं.

सांगितलं तर जाकीट जाणार, गेट जाणार. साठांचं आणि एक्केचाळिसांचं पोट याच गेटातून आत येत होतं. नाही सांगितलं, तर हा माणूस कॉफी संपवून निघून जाईल आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा शून्य लिहील. पुढचा गुरुवार यायचा असेल तर.

त्याने वही मिटून काखेत मारली होती.

“सर,” ती म्हणाली. “त्या कांबी मी सरळ करते.”

“कुठल्या?”

“तुमच्याच. दर गुरुवारी, तुम्ही यायच्या आधी. तुम्ही म्हणाला होतात ना, ओळ सरळ राहायला हवी.”

“थट्टा नको हं, आलिंग.”

तिने कमरेची दोरी काढून बाकावर ठेवली. मातीने माखलेली, दोन्ही टोकांना फास. इंजिनिअरने तिच्याकडे पाहिलं, मग दोरीकडे. तोंडातला घास त्याने गिळला नाही. केळीच्या पानावर काढून ठेवला.

सातव्या कांबीपाशी तो गुडघ्यांवर बसला. चिखलाची तक्रार केली नाही. कांबीच्या खाली मातीत तिने टाचेने बुजवलेली भोकं होती, ओळीने सहा. पायथ्याकडची एकमेकांना चिकटून. वर येताना अंतर वाढत गेलेलं. आणि शेवटचं, सकाळचं, कांबीपासून दीड हात. त्याने प्रत्येकात बोट घालून पाहिलं. माती मऊ होती. कोणत्याही वहीत इतकं स्वच्छ लिहिलेलं नव्हतं.

“हे आजचं?” त्याने हळू विचारलं, जणू मोठ्याने बोललं तर डोंगराला ऐकू जाईल.

“आजचं.”

तो उठला. उठताना कांबीला धरायला गेला आणि हात मागे घेतला. त्याच्या ओठांवर घाम आला होता. सहा शून्यं त्याच्या अक्षरात होती, सही त्याची होती. तेही त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं असावं, कारण क्षणभर तो वहीकडेच पाहत राहिला. मग त्याने ती खिशात कोंबली.

“घाबरून चालणार नाही,” तो स्वतःलाच म्हणाला. “वरच्या साठ जणांना पलीकडच्या ट्रकच्या रस्त्याने उतरवतो. ती बाजू खडकाची आहे. आणि पायथा रिकामा आहे, ते एक बरं.”

युफेमियाने खाली वखारीच्या ताडपत्रीकडे पाहिलं.

“पायथा रिकामा आहे ना?”

“एक्केचाळीस आहेत.”

“काय एक्केचाळीस?”

“माणसं. वखारीत. तुमच्यापासून लपवलीत.”

तो खाली धावायलाच निघाला. तिने त्याची बाही धरली. एरवी साहेबाच्या बाहीला हात लावायची तिची छाती झाली नसती.

“तुम्ही जाऊ नका. तुम्हाला बघून मागच्या बाजूने निघतील आणि वर चढतील, याच उतारावर. मीच शिकवलंय.”

“मग तुम्ही बोलवा.”

“तुमची गाडी दिसते तोवर येणार नाहीत. ते पण मीच शिकवलंय.”

इंजिनिअरने गाडीकडे पाहिलं. मग वर, जिथे बुलडोझर घरघरत होता.

“म्हणजे मी गेलं पाहिजे.”

“हो सर. लवकर. आणि वाजतगाजत जा, त्यांना ऐकू येऊ दे.”

“गेट आज बंद होईल, आलिंग.”

“होऊ दे.”

त्याने गाडी सुरू केली, विनाकारण दोनदा हॉर्न दिला आणि माथ्याच्या रस्त्याला लागला. आवाज वळणामागे बुडेपर्यंत ती थांबली. आयुष्यात इतकं लांब वळण तिने पाहिलं नव्हतं. मग कुंपणापाशी जाऊन तिने एक लांब शिट्टी दिली. शिट्टी मध्येच फुटली. तिने ओठ पुसून पुन्हा वाजवली.

ताडपत्री हलली. लोलो बेर्तोचं डोकं बाहेर आलं.

“गेला का तुझा लाडका?”

“गेला.”

“मग? पास झालो का आपण?”

खरं सांगितलं असतं तर प्रत्येकाने आधी वर डोंगराकडे पाहिलं असतं, मग वाद घातला असता, मग आपापलं पोतं शोधलं असतं. एक्केचाळीस माणसं, एक्केचाळीस तोंडं.

“झालो,” युफेमिया म्हणाली. “गेटाबाहेर पान्सित आहे. नगरपालिकेकडून. आधी येईल त्याला.”

शेवया म्हटल्यावर कोणी शंका घेत नाही. वखार वारुळासारखी फुटली. माणसं तिच्या दोन्ही बाजूंनी पळू लागली, एकमेकांना ढकलत, हसत. “परवाना झिंदाबाद!” कोणीतरी ओरडलं. ती मोजत होती. एकोणतीस, तीस. मातीचं एक ढेकूळ उतारावरून घरंगळत आलं आणि कुंपणाशी थांबलं. कोणी पाहिलं नाही. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस.

चायोंग दारातच होती, बाटल्यांचं पोतं ओढत.

“सोड ते.”

“आठवड्याची वेचणी आहे. तू दे सोडून, जाकीटवाले.”

भांडण पोत्यापेक्षा जड पडलं असतं. युफेमियाने पोतं हिसकून स्वतःच्या पाठीवर टाकलं आणि दुसऱ्या हाताने बहिणीची काख धरली.

“तू? माझं पोतं?” चायोंग लंगडत म्हणाली. “पेम्या, काय झालंय?”

“पान्सित संपेल.”

“बोटं रुततायत तुझी काखेत.”

“पोतं जड आहे. चाल.”

गेटाबाहेर पान्सित नव्हतं. चाळीस जण रिकाम्या रस्त्यावर उभे होते आणि शिव्यांची सुरुवात झाली होती. लोलो बेर्तो तर तिच्या आईपर्यंत पोचला होता. पलीकडच्या खडकाकडून हॉर्न ऐकू येत होता, न थांबता.

युफेमियाने चायोंगला बाहेर ढकललं, पोतं खाली ठेवलं. मग मागे वळून गेटाची दोन्ही दारं ओढली, साखळी फिरवली आणि कुलूप लावलं.

“अगं, कुलूप कशाला?” चायोंगने विचारलं. “पास झालो ना?”

ती गेटाला पाठ लावून उभी राहिली आणि शिव्या देणाऱ्या तोंडांवरून बोट फिरवत पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.