पेडल अजून मऊच

"दाबा, वहिनी."

"दाबलं."

"धरा."

"धरलंय, भावोजी."

शाळेच्या व्हॅनच्या उघड्या चाकापाशी उकिडवं बसलेल्या धाकट्याने पाना फिरवला. नळीतून बाटलीत तेल आलं, बुडबुडा मात्र एकही आला नाही. पाना आवळून तो "सोडा" म्हणाला, तशी वहिनीने पेडलवरचा पाय उचलला. सकाळपासून हेच चाललं होतं. ब्रेकमधली हवा निघाली म्हणावं, तर पेडल अजून मऊच लागत होतं.

समोरच्या टेबलाशी मास्तर एक जुना ब्रेकपॅड घासत बसला होता. घासण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

मास्तर हे नाव गिऱ्हाइकांनी दिलेलं. गाडी दारात थांबली की नुसत्या आवाजावरून कुठल्या चाकाचा पॅड संपलाय ते तो सांगायचा. वीस वर्षं गॅरेजात दोनच माणसं होती. चाकापाशी तो आणि पेडलवर बायको. ब्रेकमधली हवा काढायला दोघं लागतातच, आणि त्यांच्या संसारातलं निम्मं बोलणं 'दाब', 'धर', 'सोड' एवढ्यातच भागलं होतं. मग सहा महिन्यांपूर्वी सख्खा धाकटा भाऊ मोठ्या वर्कशॉपमधली नोकरी सोडून इथे आला.

गिऱ्हाइकांना सगळं समजावून सांगायची धाकट्याला भारी हौस. "पेडल दाबलं की तेल ढकललं जातं, काका. तेल पिस्टनला ढकलतं, पिस्टन पॅडला डिस्कवर दाबतो. तेल दबत नाही, हवा दबते. आत हवा शिरली की तुमचा पाय नुसती हवा दाबत बसतो. आणि हे तेल पाणी धरतं बरं का, दोन वर्षांनी बदलायचंच." काका मान डोलवायचे. मास्तर आयुष्यभर हेच काम करत आला, पण "झालं, न्या" यापलीकडे त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. आता लोक दारातूनच विचारत, "धाकटे आहेत का?"

तेही त्याने गिळलं असतं. पण परवा जेवताना बायको म्हणाली, "वीस वर्षं पेडल दाबतेय मी. खाली नेमकं काय होतं, ते भावोजींनी सांगितलं तेव्हा कळलं."

तेव्हापासून मास्तर आतल्या आत जळत होता. धाकट्याचा स्वच्छ शर्ट त्याच्या डोळ्यांत खुपे. त्याची शिट्टी ऐकली की डोकं तडकत असे. बायको चहाचा कप आधी कोणापुढे ठेवते, याच्यावरसुद्धा तो नजर ठेवू लागला होता. पन्नाशीच्या माणसाने असलं बघत बसावं याची त्याला लाज वाटे, पण बघणं काही सुटत नसे.

आणि आज देव पावला होता. पॅड दाबून धरणारे दोन्ही चाकांचे कॅलिपर धाकट्याने साफ करायला उतरवले आणि परत चढवताना डाव्याचा उजवीकडे, उजव्याचा डावीकडे बसवला. दिसायला दोघं जुळे भाऊ. फरक एवढाच, की हवा सोडायचा निपल वरच्या अंगाला असावा लागतो आणि तो आता खाली गेला होता. हवा चढते वर, खालच्या भोकातून ती जन्मात निघाली नसती. मास्तरने हे पहिल्या चहाच्या वेळीच बघितलं होतं. नवखा असताना त्यानेही हीच चूक करून उस्तादाच्या हातचा मार खाल्ला होता.

'एकदा म्हण, दादा जरा बघतोस का,' तो मनातल्या मनात म्हणत होता. 'तिच्यासमोर म्हण.'

धाकटा म्हणाला नाही. "वहिनी, अजून एकदा," एवढंच तो म्हणे. साडेअकराला बायकोने उजवा पाय काढून डावा पेडलवर ठेवला. "गुडघा भरून आला हो," ती हसून म्हणाली. ते हसणंही धाकट्याच्या वाट्याचं! मास्तरने पॅड उलटा केला आणि दुसऱ्या बाजूने घासायला घेतला.

साडेबाराला व्हॅनवाला आला. त्याने बसून स्वतःच पेडल दाबून बघितलं. "तिसऱ्यांदा दाबल्यावर लागतोय की ब्रेक! आजच्या फेरीपुरता चालेल. एकला शाळा सुटते. चौदा पोरं फाटकात ताटकळली, तर त्यांच्या आया मला फाडून खातील."

"नको हो, अजून थोडा वेळ..."

"सकाळपासून तुमचं थोडा वेळच चाललंय. चाकं चढवा."

धाकट्याने घाम पुसला. "मग हळू चालवा," असं पडेल आवाजात म्हणत त्याने चाक उचललं.

मास्तरने पॅड टेबलावर टाकला. "ठेव ते चाक खाली," तो ओरडलाच. "कॅलिपर उलटसुलट बसलेत. निपल कुठे आहेत बघ."

धाकट्याने वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! दादा, मानलं तुला! बघितल्याबरोबर ओळखलंस!"

सकाळपासून ज्याची वाट बघितली, ते हेच. मास्तरला त्याची काहीच चव लागली नाही. बायको त्याच्याकडे बघत होती.

"तुम्हाला कधी कळलं?"

'आत्ताच' हा शब्द जिभेवर तयार होता. तिने तो खरा मानलाही असता, त्याच्या एका शब्दावर तिने वीस वर्षं पेडल धरलं आणि सोडलं होतं.

"दहा वाजता," मास्तर म्हणाला.

"बरं." दाराला धरून ती गाडीतून उतरली. "भावोजी, आता पेडलवर तुम्ही बसा. मी निघते."

व्हॅनवाला बडबडत दुसरी गाडी बोलवायला फोन लावू लागला. मास्तरने कॅलिपर उतरवून ज्याच्या त्याच्या जागी बसवले आणि चाकापाशी जमिनीवर आडवा झाला. धाकट्याने पेडल दाबलं, त्याने पाना फिरवला, आणि बाटलीत भसाभस बुडबुडे आले. तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. गाडीखालून रस्ता दिसत होता आणि रस्त्यावर तिच्या चपला, उजवी जराशी ओढत चाललेली. कोपऱ्यावर त्या थांबल्या. एक हात खाली आला, त्याने गुडघा दाबला, आणि चपला पुन्हा चालू लागल्या.