टिटवीचे गुण

टिटवी चौथीच्या वर्गात आली तेव्हा शाळा सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. बाप इमारतींत फरशा बसवायचा. काम जिथे मिळेल तिथे बिऱ्हाड, आणि बिऱ्हाड जाईल तिथली शाळा. अशा इतक्या शाळा झाल्या होत्या की तिला वाचायला शिकवायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तोंड मात्र अखंड चालू. पोरांनी मधल्या सुट्टीच्या आतच तिचं नाव टिटवी ठेवून टाकलं, आणि तिलाही ते आवडलं.

बाईंनी पहिल्या दिवशी तिच्यापुढे पुस्तक ठेवलं. तिने चित्राकडे एकदा बघितलं आणि घडाघडा गोष्ट सांगून टाकली. गोष्ट झकास होती, फक्त पानावर ती नव्हती.

शाळा सुटल्यावर बापाला यायला उशीर व्हायचा, तोवर बाई तिला शेजारी घेऊन बसू लागल्या. अक्षरं पटापट आली. जोडाक्षर आलं की मात्र टिटवी अडायची, मान हलवायची, "हे खोटं अक्षर आहे" म्हणायची. बाई हसायच्या आणि पुन्हा तिथेच बोट ठेवायच्या. असं करता करता एके दिवशी तिने एक ओळ वाचली आणि खुदकन हसली. ओळीत एक म्हातारा स्वतःचा चष्मा डोळ्यांवर ठेवूनच घरभर शोधत होता. बाईंच्या अंगावर काटा आला. कुणी सांगितलं नव्हतं, चित्रही नव्हतं. पोरगी वाचून हसली होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सहामाहीची चाचणी आली. सगळ्या सरकारी शाळांना एकच पेपर. परिच्छेद वाचायचे आणि बरोबर पर्यायापुढचा गोल रंगवायचा. पर्यवेक्षक बाहेरचे होते. बाईंना वर्गात उभं राहायची परवानगी होती, बोलायची नव्हती.

पहिला परिच्छेद दीपगृहाचा होता. टिटवीने हात वर केला. "बाई, दीपगृह म्हणजे काय?"

पर्यवेक्षकांनी मान वर केली. बाईंनी ओठ घट्ट मिटले आणि नुसतं कागदाकडे बोट दाखवलं. टिटवीला आश्चर्य वाटलं. बाईंनी उत्तर दिलं नाही असं कधी झालंच नव्हतं. मग ती खाली वाकली आणि ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, एकेक शब्द सर करत निघाली. आजूबाजूची पोरं पानं उलटत होती. टिटवी त्याच पानावर होती. घंटा झाली तेव्हाही ती त्याच पानावर होती.

बाहेर येऊन तिने बाईंचा हातच धरला. "बाई, मी अख्खा वाचला! दीपगृह म्हणजे जहाजांना दिवा दाखवायचं घर. तो दिवेवाला आजारी पडतो ना, तर त्याची बायको जिने चढून दिवा लावते. मला सगळं कळलं!"

"शाब्बास गं माझी बाय," बाई म्हणाल्या. पुढची सगळी पानं कोरी होती, हे त्यांनी तिला सांगितलं नाही.

निकाल लागला. सगळ्या शाळांत चौथीचा हा वर्ग तळाला गेला होता. हेडसरांच्या खोलीत निरीक्षक मॅडम बसल्या होत्या. बाईंनी टिटवीची हकीकत सांगितली. पोर आली तेव्हा कुठे होती आणि आता कुठे आहे, सगळं.

मॅडमनी मधे न बोलता ऐकून घेतलं. "बाई, मीही वर्गात उभी राहिलेय. मला कळतंय. पण मूल कुठून निघालं, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही. कुठे पोचलं तेवढंच विचारतात."

मॅडम गेल्यावर हेडसर हळूच म्हणाले, "वर्षअखेरीलाही असंच झालं तर शाळा बंद करणार आहेत. पोरांना तो मोठा रस्ता ओलांडून पलीकडे जावं लागेल. तुमचा वाचनाचा तास आता सरावाला द्या. माझ्या हातात काही नाही हो."

बाईंच्याही हातात नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू झाला. आधी प्रश्न बघायचा. प्रश्नातला शब्द परिच्छेदात शोधायचा. सापडला की त्याच्या आसपास जे लिहिलंय तो पर्याय रंगवायचा. नाही सापडला तर कुठलाही रंगवायचा, पण कोरा ठेवायचा नाही.

"पण पुढे काय झालं बाई? ती हरवलेली बकरी मिळाली का?" सरावाचा परिच्छेद अर्ध्यात सोडताना टिटवी विचारायची.

"पुढचं राहू दे. प्रश्न बघ."

असं म्हणताना बाईंना स्वतःचाच आवाज नकोसा व्हायचा. सुरुवातीला टिटवी रुसली, मग विचारायची थांबली. पोरगी मुळातच हुशार. युक्त्या तिने सगळ्यांच्या आधी उचलल्या.

वर्षअखेरच्या चाचणीत ती वर्गात सर्वांत आधी पेपर देऊन मोकळी झाली. निकाल आला तेव्हा हेडसरांनी चष्मा काढून डोळे पुसले. शाळा वाचली होती. चौथीचा वर्ग वर चढला होता, आणि टिटवीला तर चांगलेच गुण पडले होते.

सुट्टी लागायच्या दिवशी बाप तिला न्यायला लवकर आला. इथलं काम संपलं होतं, आता दुसरं गाव. बाईंनी तिच्यासाठी गोष्टींचं पुस्तक आणलं होतं.

"जरा वाचून दाखव बघू."

टिटवीने पान उघडलं. नजर झर्रकन खाली गेली, मग तिने मागचं पान पाहिलं, मग शेवटचं. "बाई, याचे प्रश्न कुठायत?"

"प्रश्न नाहीत. नुसती गोष्ट आहे."

"मग ह्यात शोधायचं काय?"

बाईंनी पुस्तक पुन्हा पहिल्या पानावर उघडून तिच्या हातात दिलं. तोवर बापाने हात जोडले. "बाई, तुमचे लई उपकार. आमच्या घरात एवढे गुण कुणाला पडले नव्हते."

"रोज वाचून घ्या तिच्याकडून. थोडं तरी. चित्रं झाकून," बाई कशाबशा म्हणाल्या.

बाप ओशाळून हसला. "घेईन की. पण ती वाचते का मनानं सांगते, ते मला कसं कळायचं?"

टिटवीने पुस्तक पिशवीत टाकलं आणि बापाचं बोट धरलं. फाटकापाशी वळून तिने जोरात हात हलवला. बाईंनीही हलवला. मागून हेडसर हाका मारत होते, नव्या वर्षाचे सराव पेपर आले होते आणि उतरवून घ्यायला माणूस नव्हता.